शिवणीत अडकलेली नदी

‘तुम्हाला तांदूळ निवडता येतात का?’

सोळा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले, तेव्हा डॉ. वासुदेवराव कित्तूरकर यांनी मला विचारलेला हा पहिला आणि शेवटचा प्रश्न. बेळगावात मी रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, आणि यजमानांना विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बंगळूरला आले होते. प्रमाणपत्रांची गुंडाळी मांडीवर धरून बसले होते. ती त्यांनी उघडलीही नाही. बाईमाणूस समोर आले म्हणून हे तांदळाचे विचारताहेत असे वाटून मला राग आला. ‘येतात,’ मी जरा फणकाऱ्यानेच म्हटले.

‘छान. इथं उलटं काम आहे. तांदूळ टाकायचे, खडे ठेवायचे. उद्यापासून या.’

दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ कळला. वालुकाश्माचा भुगा एका जड, गोडसर उग्र वासाच्या द्रवात सोडला की पांढरी वाळू वर तरंगते आणि तिच्यातले मोजके जड कण तळाशी बसतात. ते कण काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी एखादी नदी कोणत्या डोंगरातून निघाली, वाटेत तिने काय काय उचलले, ते या कणांवरून समजते. नदी गेली, डोंगर झिजून सपाट झाले, पण कण राहिले. वासुदेवराव याला ‘वाळूचे माहेर शोधणे’ म्हणतात. त्यावर त्यांच्या पत्नी, आमच्या इंदूवहिनी, हमखास म्हणतात, ‘माझं माहेर कुठलं ते विचारा बघू यांना. दोनदा चुकून सासुरवाडी सोडून पुढच्या स्टेशनवर उतरलेत.’

प्रयोगशाळेत सगळे वासुदेवरावांना अण्णा म्हणत आणि ते तिथल्या प्रत्येक बाईला अक्का म्हणत, मग ती धाकटी असो की थोरली. अण्णांच्या शिकवण्यात रागावणे फारसे नव्हते. पहिल्या महिन्यात मी घाईघाईने द्रव ओतला आणि तळाचे कण वरच्या वाळूबरोबर वाहून गेले. दगड घासण्याचे काम करणारे मुनियप्पा शेजारीच होते. ते कळवळून म्हणाले, ‘स्वल्प तडीरी, अक्का! दगड इतकी वर्षं थांबला, तुम्ही दहा मिनिटं थांबा की.’ अण्णा मागे उभे होते. ‘मुनियप्पा, हे वाक्य मला लिहून द्या,’ एवढेच ते म्हणाले, आणि स्वतः बाही सारून दुसरा नमुना कुटायला बसले.

बाईने दगड गोळा करायला रानात जावे, ही गोष्ट त्या काळी कुणाच्या मनातही येत नसे. अण्णांच्या आली. परवानगी मागायला ते आणि इंदूवहिनी स्वतः मल्लेश्वरमला आमच्या घरी आले. सासूबाईंनी चहा दिला आणि चौकशी सुरू केली.

‘कुठं न्यायचंय सुनेला?’

‘बदामीच्या बाजूला. तिथली एक नदी बघायचीय.’

‘मोठीय का?’

‘होती. आता आटलीय.’

‘अगंबाई! कधी?’

‘झाले बरेच दिवस, आजी.’

‘मग आता जाऊन काय करणार? आधी नाही का जायचं?’

अण्णांनी अत्यंत गंभीरपणे मान हलवली. ‘उशीर झाला खरा.’ वहिनी पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहू लागल्या. शेवटी ‘मी सोबत आहे, आजी’ असे वहिनींनी सांगितले, आणि मला जायला मिळाले. बदामीच्या तांबूस कड्यांमध्ये खडकातले तिरके थर अण्णांनी मला बोटाने दाखवले. वाहत्या पाण्याने वाळू टाकली की थर असे तिरके बसतात, आणि ते ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला नदी जात असते. मी कड्याला हात लावून उभी राहिले. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांपैकी एक आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

बंगळूरच्या आपल्या मराठी मंडळातल्या जुन्या सभासदांना ‘शिवणीतली नदी’ हा विनोद ठाऊक आहे. गणेशोत्सवात अण्णा भाषणाला उभे राहिले की मागून कुणीतरी ‘शिंपी आणलाय का?’ म्हणून ओरडते, आणि अण्णा सर्वांच्या आधी हसतात. त्यांनी छापलेला एक मोठा निष्कर्ष नमुन्याच्या पिशव्यांमुळे चुकला आणि त्यांना तो मागे घ्यावा लागला, एवढे सर्वांना माहीत आहे. पिशव्या कुणाच्या हातच्या होत्या, हे कुणाला माहीत नाही.

त्या माझ्या होत्या. दर दौऱ्याला नव्या मांजरपाटाच्या पिशव्या शिवायच्या आणि जुन्या टाकून द्यायच्या, असा अण्णांचा नियम होता. पण धडधाकट कापड फेकायचे माझ्या जिवावर येई. मलबारच्या किनाऱ्यावरून काळी वाळू भरून आलेल्या पिशव्या मी साबणाने धुतल्या, कडक उन्हात वाळवल्या आणि इस्त्री करून बदामीच्या दौऱ्यासाठी दिल्या. नव्यासारख्या दिसत होत्या. मला त्याचा अभिमानही वाटला होता.

बदामीकडचा खडक ठिसूळ. वाटेतच त्याचा निम्मा भुगा होतो. तो वाया जाऊ नये म्हणून आम्ही पिशवी उलटी करून झटकून घेत असू. त्या नमुन्यांत गार्नेट या खनिजाचे तांबूस कण निघाले, आणि तेही चकचकीत. अण्णांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि म्हणाले, ‘इतक्या जुन्या खडकात हे असे? झिजलेले नाहीत, कुरतडलेले नाहीत. लग्नाला निघाल्यासारखे नटलेत.’ तिरके थर सांगत होते की नदी जवळच्याच आग्नेयेकडच्या डोंगरांतून आली. हे कण मात्र दूर दक्षिणेकडचे. अण्णांनी पुष्कळ दिवस विचार केला आणि शेवटी दक्षिणेहून येऊन मिळणारी एक लांबलचक उपनदी कल्पिली. लेख छापला गेला. त्याचे कौतुक झाले. परदेशातल्या परिषदेचे बोलावणे येणार, असे सगळे म्हणू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मी एक पिशवी उसवत होते. दुहेरी शिवणीचा टाका तुटला आणि पांढऱ्या बशीत चिमूटभर वाळू पडली. काळसर, आणि तिच्यात तांबूस ठिपके. ती काचपट्टीवर घेऊन पाहिली. तेच नटलेले कण होते.

तीन दिवस मी प्रयोगशाळेत कुणाला काही सांगितले नाही. माझी जागा तेव्हा हंगामी होती. यजमान म्हणाले, ‘तुला वाटतं तेवढं मोठं नसेल ते.’ पण मला माहीत होते. चौथ्या दिवशी बशी घेऊन मी अण्णांच्या टेबलापाशी गेले आणि सगळे सांगितले. धुतल्याचे, इस्त्रीचे, तीन दिवस गप्प राहिल्याचेही.

अण्णांनी बशीतले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मग म्हणाले, ‘मुनियप्पा, जीप सांगा. अक्का, नवं मांजरपाट आणा. कोरं.’

त्याच कड्यांवरून नवे नमुने आले. त्यांत गार्नेटचा एकही कण नव्हता. आग्नेयेच्या डोंगरांचेच सगळे कण, तिरक्या थरांशी तंतोतंत जुळणारे. अण्णांनी चष्मा काढला आणि चक्क टाळी वाजवली. ‘बघा! नदीनं सरळच सांगितलं होतं. मध्येच आपण बोललो.’ स्वतःचा गाजलेला सिद्धांत मोडल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माघारीचे निवेदन लिहायला ते त्याच दुपारी बसले. ‘नमुन्यांच्या पिशव्यांबाबत माझ्याकडून हयगय झाली,’ असे त्यांनी लिहिले. मी म्हटले, ‘अण्णा, हे खरं नाही. माझं नाव घाला.’

‘लेखावर नाव कुणाचं होतं?’

‘तुमचं.’

‘कौतुक झालं तेव्हा वाटून घेतलं का मी? मग हेही नाही वाटत. आणि तुमची जागा कायम व्हायचीय. मी इथं आहे तोवर हे कुठं बोलायचं नाही. सरी?’

मी ‘सरी’ म्हटले. म्हणजे कबूल केले. परिषदेचे बोलावणे आले नाही. कारण कुणी सांगितले नाही, अण्णांनीही विचारले नाही. माझी जागा त्या वर्षअखेर कायम झाली. नव्या नमुन्यांवरच्या लेखात लेखक म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाशेजारी माझे नाव घातले. ते छापील पान सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवले होते. ‘आटलेल्या नदीचं काहीतरी कामाला आलं म्हणायचं,’ असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गेल्या महिन्यात अण्णांनी साठी पूर्ण केली आणि ते निवृत्त झाले. म्हणजे मी दिलेल्या शब्दाची मुदत संपली. म्हणून आज, त्यांना न दाखवता, हा लेख मी थेट मंडळाच्या अंकाच्या संपादकांच्या हाती देते आहे. यापुढे कुणाला शिंप्याची हाक मारायचीच असेल, तर त्याने ती माझ्याकडे पाहून मारावी.

अण्णांचे गुडघे अजून बदामीचा कडा चढतात, आणि दृष्टी आमच्यापेक्षा लख्ख आहे. ती तशीच राहो. पुढची पुष्कळ वर्षे त्यांनी आम्हाला धापा टाकत मागे ठेवावे, आणि वहिनींनी खालून जेवणासाठी हाका मारत राहावे, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे.

आणि एक मागणे. अण्णांचे सगळे लेख एका ग्रंथात छापले जात आहेत, आणि त्याची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माघारीचे ते निवेदन त्यात जसेच्या तसे आहे. त्यातल्या ‘माझ्याकडून हयगय झाली’ या वाक्यात अण्णांच्या जागी माझे नाव घालण्याची परवानगी त्यांनी मला द्यावी. पेन्सिल हाताशी आहे. पण त्यांना न विचारता त्यांच्या वाक्याला हात लावणे मला जमणार नाही. ते नाही म्हणतील, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही अण्णा, या सर्वांच्या देखत विचारते. एवढे एक वाक्य मला दुरुस्त करू द्या.