बेल्जियमची नदी, इंदापूरपर्यंत

बारामतीजवळच्या जळोचीच्या मंगल कार्यालयाचे मालक साखर धंद्यातल्या मंडळींबरोबर बेल्जियमला अभ्यासदौऱ्यावर गेले. अभ्यास बिटाच्या साखरेचा होता. आणलं काय, तर नदीच्या एका जुन्या फ्लेमिश चित्राचं पोस्टर. "पेंटर, स्टेजच्या मागं हीच नदी पायजे."

मी भंडाऱ्याकडचा, नववीत शाळा सुटलेला. फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवायचं काम गेलं, तेव्हा याच मालकांनी खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं. ते उपकार विसरणं नाही. भिंत पसंत पडली नाही तर खोली सोडायची, हेही त्यांनी प्रेमानंच सांगितलं होतं.

ओळखीच्या ड्रॉइंगच्या सरांनी रीत समजावली. पुढं तपकिरी, मध्ये हिरवं, लांब निळं. त्या फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या चित्रकारांचा मुलूख सपाट. डोंगर त्यांनी इटलीच्या वाटेवर पाहिले आणि आपल्या नदीकाठी आणून बसवले. मग एकमेकांचं बघून सगळेच बसवायला लागले. ऐकून मला फार धीर आला.

माझ्यावर प्रभाव पडला तो मालकांच्या वडिलांचा. आबा खुर्ची टाकूनच बसले. "एवढं पाणी, आन् काठाला एक मोटर न्हाय?" मोटर काढली. पाइपलाइन काढली. गवताचा ऊस झाला, पोस्टरातल्या किल्ल्याच्या बुरुजाला साखर कारखान्याचं धुराडं आलं.

पहिलं लग्न ठरलं. मुलगी बारामतीची, मुलगा इंदापूरचा; म्हणजे बारामतीवरून जाणाऱ्या कालव्याच्या पार शेपटाकडचा. हॉल बघायला आलेले मुलाचे चुलते, तात्या, भिंतीपुढं थबकले.

"हितं एवढी रुंद, आन् तिकडं सुतळीएवढी?"

"तात्या, लांबचं बारीक दिसतं. चित्राचा नियमच आहे," मी म्हणालो.

"व्हय की. कालव्यालाबी त्योच नियम लावलाय तुमी."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. "शेवटापतुर पाणी आल्याबिगर आमी हितं अक्षता टाकणार न्हाय."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढं माझीच गुंडाळलेली वळकटी आली. शिडी लावली आणि नदी आभाळापर्यंत एकसारखी रुंद केली. इटलीचे डोंगर बुडाले. नदी वाहायची थांबून भिंतीवर सरळ उभी राहिली.

लग्नात ड्रॉइंगचे सर भिंतीकडं पाठ करून बसले. तात्यांनी मात्र चित्राखाली फोटो काढून घेतला. "ह्याला म्हणायचं वाटप!"

मालक खूश. खोली राहिली, वर जेवणाच्या हॉलची भिंतही मिळाली. "तिथं धरण काढ," म्हणाले.

मी हात जोडले, आणि आधी विचारून घेतलं, पाणी कुणाकडं सोडायचं.