कोरडा कागद

कागदमामा रोजच्या बातम्या वाचायचे की नाही, मला माहीत नाही. पण ओलं झालेलं वर्तमानपत्र त्यांच्याइतकं बारकाईनं वाचणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. कॉम्प्युटरमध्ये तो थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या बसवून झाल्या की ते प्रत्येक जोडाखाली रद्दीचा कागद पसरायचे, बाकी सगळ्या वायरी सोडून नुसता पंप चालू ठेवायचे आणि निघून जायचे. पुरे चोवीस तास मशीनला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी येऊन कागद खिडकीशी न्यायचे, उजेडात तिरका धरायचे. डाग दिसला की त्याच्याभोवती पेन्सिलनं गोल काढायचे, कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे आणि जोड पुन्हा आवळून नवा कागद घालायचे. डाग नसला तरी नाव लिहून तो कागद फायलीत जायचा. म्हणून सगळी पेठ त्यांना कागदमामा म्हणायची, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही.

मामा मूळचे मोडनिंबचे. तरुणपणी माढ्याकडच्या शेतांतून ठिबकच्या नळ्या जोडत फिरायचे. मग सोलापुरात येऊन पंपदुरुस्ती केली आणि तिथून कॉम्प्युटरकडे कसे वळले ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. शुक्रवार पेठेत एका शिलाई मशीनवाल्याच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. उंच माणसाला तिथं ताठ उभं राहता येत नसे. मामा बुटके होते, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. कॉम्प्युटर थंड करायला पाणी वापरायची टूम गावात आली तेव्हा बाकीचे मेकॅनिक बिचकले. मामांनी मात्र पंप कानाला लावून पाहिला आणि हे तर आपलंच काम म्हणाले.

पण गिऱ्हाइकाला पाण्याच्या भरीस घालणं त्यांना कधी जमलं नाही. उलट आलेल्या माणसाला परत पाठवण्यातच त्यांचा अर्धा वेळ जायचा. मीही त्यांतलीच. न बांधलेल्या बंगल्यांची हुबेहूब चित्रं कॉम्प्युटरवर करून इंजिनिअर लोकांना देणं हा माझा धंदा. माझी खोली गच्चीवरची, वर स्लॅब, त्यात सोलापूरचा एप्रिल. मशीन तासभर चाललं की पंखे किंचाळायला लागायचे आणि चित्र अर्ध्यात टाकून सगळं बंद पडायचं. इंटरनेटवर निळ्या पाण्याच्या नळ्या पाहून मी मामांकडे गेले, तर ते आधी पंखे साफ करून देतो म्हणाले, मग मोठा पंखा बसवतो म्हणाले.

"पंखा बिगडला तर वरडून सांगतो, ताई," ते म्हणाले. "पाणी गप गळतं. बघा बाई, पंख्यानं भागतंय का."

मला भागवायचं नव्हतं. मला पाणीच हवं होतं, खरं सांगायचं तर निळंच हवं होतं. मामांनी निळा रंग घालायला साफ नकार दिला आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या बाटल्या आणायला सांगितल्या. स्वयंपाकघरातलं फिल्टरचं पाणी चालेल का, असं मी विचारलं. एका प्राध्यापकांनी तसलं पाणी घातलं होतं आणि त्यांच्या नळ्यांत दोन महिन्यांत शेवाळ धरलं होतं, ती गोष्ट त्यांनी मला पंधरा मिनिटं ऐकवली.

त्यांची आणखी एक सवय सांगायलाच हवी. बंद पडलेलं मशीन उघडण्याआधी ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बंद पडायच्या आदी काय झालं व्हतं? खरं सांगा, मी रागवत न्हाय." लोक तरीही खोटं बोलायचे. कीबोर्डवर चहा सांडलेला असायचा, नातवानं आत नाणं टाकलेलं असायचं, आणि सगळे शपथेवर सांगायचे की काहीच झालं नाही. मामा मान डोलवायचे, मशीन उघडायचे, चहा पुसायचे. रागवायचे मात्र खरंच नाहीत.

गुरुवारी दुपारी त्यांनी माझ्या मशीनमध्ये नळ्या बसवल्या. खाली कागद पसरला, पंप सुरू केला आणि उद्या दुपारी येऊन बघतो, मगच मेन वायर जोडू, असं दोनदा बजावून गेले. मला काम देणाऱ्या एका इंजिनिअरसाहेबांना शनिवारी एका सोसायटीची चित्रं द्यायची होती. त्याच दुपारी चार वाजेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग कागद बाहेर ओढला. दुसऱ्या जोडाखाली मसुराच्या डाळीएवढा ओला डाग होता. तो मी पाहिला. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, म्हणून पुन्हा लिहिते: तो मी पाहिला. वाकले होते, कपाळावरून घाम टपकत होता, तो माझाच घाम असणार अशी मी स्वतःची समजूत घातली. कागद चुरगाळून टोपलीत टाकला, ओढणीनं जोड पुसला आणि वायर जोडून काम सुरू केलं.

शुक्रवारी सकाळी मीच फोन करून सांगितलं की कागद अगदी कोरडा आहे. डोळ्यानं बघायला येतोच की, असं मामा म्हणत होते. एवढ्या उन्हात कशाला येता, मी जोडते वायर, असं म्हणून मी त्यांच्या काळजीचा आव आणला. त्यांना बरं वाटलं. कागद तेवढा ठेवा, पुढच्या खेपेला नेईन, एवढंच ते म्हणाले.

चित्रं काही शनिवारी झाली नाहीत. रविवारी शेवटचं चित्र निघत असताना चट् असा बारीक आवाज झाला, स्क्रीन काळा पडला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. थेंब थेंब पाणी चित्रं काढणाऱ्या, सगळ्यात महागड्या कार्डावर पडत होतं. मी मामांना फोन लावला. त्यांनी मशीनचं काही विचारलं नाही.

"तुमाला शॉक तर बसला न्हाय न्हवं?" ते म्हणाले. "आदी मेन स्विच पाडा. मशीन दुसरं मिळंल."

सोमवारी सकाळी ते यायचे होते. जिन्यावर त्यांची पावलं वाजली तेव्हा मला कागदाची आठवण झाली. टोपली केव्हाच रिकामी झाली होती. टीपॉयवरच्या पेपरचं एक आतलं पान मी फाडलं, दोन घड्या घातल्या आणि टेबलावर ठेवलं. त्यांनी आल्या आल्या नेहमीचाच प्रश्न विचारला, खरं सांगा, मी रागवत न्हाय. मी म्हणाले, काहीच झालं नाही मामा, चोवीस तास ठेवला होता, हा बघा कागद.

त्यांनी तो उलगडला. खिडकीशी नेला, नेहमीसारखा तिरका धरला. बराच वेळ बघत राहिले. मग घडी घालून खिशात ठेवला.

"कागद तर कोरडा हाय," ते म्हणाले. "म्हंजी माज्याच हातनं काय तरी ऱ्हायलं असंल."

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या दुकानातल्या मशीनचं कार्ड काढून माझ्या मशीनमध्ये घातलं. नळ्या काढून मोठा पंखा बसवला. मी चहा केला, तो त्यांनी घेतला. 

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण चित्रं उशिरा का झाली, असं इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, आणि मी कागदमामांचं काम गळलं म्हणून सांगून मोकळी झाले. साहेबांच्या तिन्ही ऑफिसांची मशीनं देखभालीला मामांकडे होती. त्यांनी ती काढून दुसरीकडे दिली आणि का दिली ते चार लोकांना सांगितलं. गावात ही कामं करणारे आणि करवून घेणारे असे किती असणार? महिन्याभरात सगळ्यांना कळलं. पाण्याच्या कामाला मामांना कुणी बोलावेना. बोलावलं तरी ते जाईनात. आता हाताचा भरवसा न्हाय, म्हणायचे. प्रिंटरमध्ये शाई भरत त्यांनी वर्ष काढलं. मी त्या रस्त्यानं जाणं टाळायला लागले.

दुकान बंद करून मोडनिंबला निघाले त्याच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. न बोलावता मशीन उघडून धूळ साफ केली. जाताना पिशवीतून ती जाडजूड फाईल काढून माझ्या हातात दिली. गावाकडं हिचा काय उपेग न्हाय, कुणी शिकणारं भेटलं तर त्याला द्या, असं म्हणाले. मग दारात थांबून त्यांनी विचारलं, "ताई, मशीन बरं हाय न्हवं? काय सांगायचं ऱ्हायलं न्हाय ना?"

मी म्हटलं, नाही मामा, उत्तम चाललंय.

ते व्हय व्हय म्हणत जिना उतरले. फाईल मी कपाटावर टाकली. ती उघडायचा मला धीर नव्हता. त्या सगळ्या प्रामाणिक कागदांत आपलं खोटं पान असणार, हे ठाऊक होतं. त्यांना ते कळलेलं नाही, एवढाच काय तो मला आधार होता. जाऊन सांगावं असं पुष्कळदा मनात आलं. बिचाऱ्यांना कशाला आता त्रास, असं म्हणून दर वेळी मी माझाच त्रास वाचवला.

गेल्या महिन्यात मामा वारल्याचं शिलाई मशीनवाल्यानं सांगितलं. घरी येऊन मी फाईल खाली काढली. प्राध्यापकांचा कागद होता, त्यावर तीन गोल. एका फोटो स्टुडिओच्या कागदावर पाच गोल होते. माझा कागद सगळ्यात शेवटी होता. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात माझं नाव. पान कोरडं ठणठणीत, कुठंही डाग नाही. तरीही त्यावर पेन्सिलचा एक गोल होता, अगदी वरच्या कडेला, छापलेल्या तारखेभोवती. तारीख त्याच सोमवारची होती, ते माझ्याकडे आले त्या दिवसाची. गुरुवारी अंथरलेला कागद सोमवारचा.

म्हणजे गळती कुठं आहे ते मामांना त्या खिडकीशीच कळलं होतं. तरी त्यांनी स्वतःचं कार्ड काढून दिलं, स्वतःच्या हाताला दोष दिला आणि वर्षभरानं दारात उभं राहून मला पुन्हा एकदा विचारून पाहिलं. रागवणार नव्हतेच.

मोडनिंबला एस.टी. सव्वा तासात पोचते. ती फाईल माझ्या कपाटावर तीन वर्षं होती.