अप्पांच्या फोनवर येणारे आकडे

यशवंतपूरच्या बाजाराजवळ इलेक्ट्रिक गाड्यांचं एक दुकान आहे, तिथं मी माझी गाडी घेतली. दोन चाकांचीच, पण मागं सीटऐवजी माल ठेवायला सपाट फळी असलेली. ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी असे डबे मी इंदिरानगरातल्या ऑफिसांत देते. पुण्या-नागपूरकडून या कानडी शहरात आलेली पुष्कळ पोरं-पोरी तिथं आहेत. आधी रिक्षानं डबे पाठवून पाहिले, पण कमाई रिक्षातच जायची. सरकारी सवलत नसती तर ही गाडी मला झेपली नसती, हे सरळ सांगते.

त्याच इंदिरानगरात मी आधी नोकरी करायचे. ती मी स्वतः सोडली, कुणी काढलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी अजूनही मान वर करून सांगते. अप्पा, माझे वडील, निपाणीच्या बाजारात हमाल होते. पोती वाहून त्यांनी मला बी.कॉम. केलं. नोकरी सोडून डब्यांचा धंदा करणार म्हटल्यावर ते म्हणाले, "ओझीच वाहायची होती तर माझ्यासंगं आली असतीस की. शिकवलं कशाला?"

मीही गप्प बसणारी नाही, उलट बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आई गेल्यापासून ते तिकडं एकटे, मी इथं खोलीत एकटी. शेजारी कन्नड, दुकानात कन्नड, ऑफिसांच्या फाटकावर हिंदी. मराठी उरली ती गिऱ्हाइकांपुरती, उद्या दोन भाकऱ्या जास्त, एवढीच.

दुकानदारानं सगळं नीट समजावलं. सवलत किमतीतूनच वजा होणार, मागाहून खेटे नकोत. फक्त आधारला जोडलेल्या फोनवर ओटीपी येईल, तो सांगायचा. मी मान डोलावली आणि मग आठवलं, माझ्या आधारला नंबर अप्पांचा आहे. शाळेत आधारचा कॅम्प लागला तेव्हा घरात फोन एकच होता. आमच्याकडच्या कितीतरी पोरींचं असंच आहे. पूर्वी कधी ओटीपी लागला की मी फोन करायचे, अप्पा वाचून दाखवायचे, आणि त्या निमित्तानं इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं.

ओटीपी तर पाठवूनही झाला होता. मी दुकानाबाहेर आले. सवलत राहू दे म्हणावं असं वाटलं, पण तेवढा ताठा परवडणारा नव्हता. फोन लावला. त्यांनी उचलला. मीच सांगितलं की मेसेज आलाय, त्यातले आकडे हवेत, गाडी घेतेय, सरकार सूट देतंय. अप्पांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात, पोत्यांवरचे वाचून वाचून आलेले. ते सावकाश वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"गाडी कसली?"

"माल न्यायची."

"चालवणार कोण?"

एखादा माणूस ठेवलाय, असं सांगता आलं असतं. "मीच," मी म्हणाले.

आतून दुकानदार म्हणत होता, "अक्का, स्वल्प बेगा," म्हणजे जरा लवकर करा.

"अप्पा, ओझं गाडी उचलणार. मी नुसती बसणार."

"हातगाडी घेतली तवा मीबी तुझ्या आईला असंच सांगितलेलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तोवर ओटीपीची वेळ टळली होती. दुकानदारानं काही न विचारता दुसरा पाठवला. पुन्हा फोन करावा की नको, या विचारात मी होते, तेवढ्यात अप्पांचाच आला. त्यांनी सगळे आकडे एका दमात सांगितले, पुन्हा एकदा सांगितले, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन बंद केला.

गाडी हातात देताना त्या दुकानात घरच्यांसकट फोटो काढतात. दुकानदारानं रस्त्याकडं पाहिलं, घरचे यायचेत का म्हणून. मी नाही म्हटल्यावर त्यानंच चाकांखाली लिंबं ठेवली. फोटोत मी आणि गाडी.

नंबर बदलून घ्या, असं त्यानं बजावलं होतं. एकदा इथल्याच शिवाजीनगरात डबे देऊन मी आधार केंद्रात गेलेही. रांगेत उभी राहिले, आणि माझी पाळी आल्यावर मागच्या बाईला पुढं जाऊ देऊन निघून आले. नंबर बदलला असता तर अप्पांना मला फोन करायला काय कारण उरलं असतं?

परवा रविवारी डबे नव्हते. दुपारी जेवून खोलीत बसले होते. काहीही काम नसताना मी फोनवर आधारची साइट उघडली आणि ओटीपी मागवला. थोड्या वेळानं अप्पांचा फोन आला. त्यांनी आकडे सांगितले, सावकाश, एकेक करून. मी हं, हं करत ऐकले. कशासाठी हवेत, हे त्यांनी विचारलं नाही.