तीन पाण्यांत धुतलेले दाणे

कापड रंगवायच्या कारखान्यात मिस्तरी सव्वीस वर्षं सांडपाण्याचं यंत्र सांभाळत होते. रंगाचं पाणी टाकीत यायचं, खालून ओझोन वायूचे बुडबुडे सुटायचे आणि लालभडक पाणी बघता बघता फिकं पडायचं. पाण्यात न मुरलेला वायू वरच्या नळीतून एका पोलादी डब्यात जायचा. त्यातल्या काळ्या दाण्यांना शिवला, की ओझोनचा साधा प्राणवायू व्हायचा. मिस्तरी हे सगळं पाना हातात धरून शिकले होते, आणि त्याची त्यांना घमेंड होती. असावीच. पदवीवाल्याला चालते, तर पानावाल्याला का नको?

त्या वर्षी डब्यातले दाणे बदलायची वेळ आली. मिस्तरींनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर आठवड्याभरात त्यांना खोकला लागला. मग छातीत आग. मग जिना चढताना तीनदा थांबणं.

"वय झालं, मिस्तरी," साहेब म्हणाले. "एक तारखेपासून गोदामात बसा."

सव्वीस वर्षं यंत्र राबवलेल्या माणसाला खोकी मोजायला! मिस्तरींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याच नाकाने दगा दिला होता. ओझोनचा वास आत शिरताना येतो, जरा वेळाने नाक सरावतं आणि गप्प बसतं.

यंत्राची खोली पुसणाऱ्या मावशींनी एक दिवस काठीला फडकं बांधायचं तुटकं रबर त्यांच्यापुढे धरलं. "तुमची खोली माझी रबरं खाते."

"स्वस्तातली आणत असाल."

"एकाच पाकिटातली आहेत. बाहेरच्या काठीला फडकं बांधलंय, ते रबर महिनाभर ठणठणीत. इथल्या काठीचं चौथ्या दिवशी खलास. भेगा बघा की. तुमच्या छातीचं काय होत असेल?"

मिस्तरींनी रबर ताणलं. आडव्या, बारीक भेगा. ताणलेल्या रबराला ओझोन असाच चावतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे वायू डब्यातून तसाच खोलीत बाहेर पडत होता.

त्यांनी यंत्र बंद केलं, डबा उघडला, मूठभर दाणे काढले. ओलसर. पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा भरण्याआधी धुवावा लागतो, काळी भुकटी जाईपर्यंत. हाताला तीच सवय. हेही दाणे त्यांनी तीन पाण्यांत धुतले होते, चोख काम म्हणून. आणि हे दाणे तर कोरडे असले तरच चालतात. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

मिस्तरींनी जाऊन सांगितलं, तेव्हा साहेबांनी लगेच सुटकेची वाट दाखवली. "माल खराब आला, असं लिहून टाकू. तुमच्यावर काही येणार नाही."

"माल चांगला होता. मी धुतला. तसंच लिहा."

साहेब म्हणाले, "नवे दाणे मागवतो. भरणार कोण?"

"मीच. कोरडे."

महिन्याभरात खोकला ओसरला. गोदामाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मिस्तरी मावशींपुढे जाऊन उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी कुणाचे आभार मानले नव्हते.

"मावशी, आज मी उभा आहे तो तुमच्यामुळे."

"मग जरा बाजूला उभे राहा, फरशी ओली आहे," मावशी म्हणाल्या. थोड्या वेळाने काठी थांबवून त्यांनी वर पाहिलं. "खरं बोललात ते बरं केलंत. नाहीतर पुढच्यानेही धुतले असते, आणि त्याचा खोकला मला ऐकावा लागला असता."