नव्याचा वाटा

माझ्या आईनं सहा वर्षं नवा तांदूळ खाल्ला नाही. ऐकणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. जुना तांदूळ मोकळा होतो, पचायला हलका, शहरातले लोक तर दुकानात मुद्दाम मागून घेतात. पण आमचं गाव चिमूरकडचं, धानाचं. दिवाळीच्या आसपास नवा धान घरात आला की त्याचा भात आधी देवापुढं ठेवायचा आणि मग घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून पहिला घास घ्यायचा. याला आम्ही नवं खाणं म्हणतो. कुणी बाहेरगावी असलं तर त्याचा मूठभर वाटा काढून ठेवतात आणि तो आला की त्याला शिजवून घालतात. धाकटा भाऊ चिलीला गेला त्या वर्षी आईनं त्याचा वाटा काढला. तो आला नाही. "तो खाईन तवाच मी खाईन," आई म्हणाली आणि स्वतःपुरता मागल्या सालचा तांदूळ पत्र्याच्या पिप्यात वेगळा ठेवू लागली. दरवर्षी आम्ही नव्या भाताच्या वासानं वेडे व्हायचो आणि ती आमच्याच पंगतीत बसून जुना भात खायची.

भाऊ आधी चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत इंजिनिअर होता. तिथून तांब्याच्या खाणींच्या देशात गेला, सांतियागोच्या ऑफिसात. पहिल्या वर्षी सुटी मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी विमानं बंद पडली आणि त्याच काळात बाबा गेले. भाऊ फोनवर रडत होता, "बाई, मी कसा येऊ, मी काय करू?" असं सारखं मला विचारत होता; मोठ्या बहिणीला आमच्याकडं बाई म्हणतात. आणि मी, बाबांच्या खाटेशेजारी उभी राहून, म्हणाले, "आता येऊन काय करतं? राह्य तिथंच."

मी गावातल्याच शाळेत शिकवते, आईजवळच राहते. वर्गातल्या पोरांना एका वाक्यात गप्प करायची सवय आहे, तसंच त्यालाही केलं. विमानं सुरू झाली तरी तो आला नाही. माझ्या त्या वाक्यामुळं येत नाही, असं तो कधी म्हणाला नाही आणि मी कधी विचारलं नाही. आईला तर हे वाक्य माहीतच नव्हतं. ती फक्त पिप्याचं झाकण उघडायची आणि लावायची, आणि मला प्रत्येक वेळी आत कुठं तरी लागायचं.

मागच्या दिवाळीनंतर मीच म्हणाले, "तो येत नाई तर आपण जाऊ, माय." आई त्र्याहत्तर वर्षांची. नागपूरच्या पुढं ती कधी गेली नव्हती. गावात कुणी विचारलं की ती सांगायची, "पोराचं गाव पाहाले चाललो." जसं काही ते ब्रह्मपुरीच्या पलीकडंच आहे. निघायच्या दिवशी तिनं यंदाच्या नव्या तांदळाची पुरचुंडी बांधली, त्याच्या वाट्याची, मूठभरच, आणि पदराला गाठ मारून कमरेला खोचली.

दोन दिवस आणि तीन विमानं झाली. शेवटच्या विमानातून उतरायच्या आधी एक फॉर्म भरायचा होता. बी-बियाणं, फळं, धान्य वगैरे काही आणलंय का? मी "नाही" वर खूण केली. खोटं बोलायचं म्हणून नाही. सासरी-माहेरी जाताना बाईच्या ओटीत तांदूळ असतातच, ते सामानात कोण धरतं? पुरचुंडी मला आठवत होती आणि तरी तिचा आणि त्या प्रश्नाचा काही संबंध आहे असं डोक्यातच आलं नाही. शिकलेली बाई मी, पोरांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगणारी.

विमानतळावर पट्ट्याला बांधलेला एक कुत्रा आला, आईच्या कमरेपाशी हुंगला आणि शांतपणे खाली बसला. आईला वाटलं त्याला भूक लागली आहे. मग तपासणीवाली, हातमोजे घातलेली एक तरुण पोरगी आली. तिनं फार नीट वागवलं, हे सांगायला हवं. माझी सही घेतली, पुरचुंडी सोडवून घेतली आणि एका पिवळ्या डब्यात टाकली. आईनं तिचं मनगट धरलं. "फेकू नको माय, चिमण्याइले तरी टाक," ती म्हणाली. त्या पोरीला काय कळणार? ती आईच्या खांद्यावर हात ठेवून काही तरी पुटपुटली. काचेच्या पलीकडं भाऊ हात हलवत उभा होता. आई त्याच्याकडं बघतच नव्हती. ती डब्याकडं बघत होती.

पुढचे दहा दिवस भावानं आम्हाला शहर दाखवलं. अगदी नेमानं, रोज सकाळी आज काय-काय बघायचं ते सांगून. दोरावरच्या डब्यातून टेकडीवर नेलं. वर पांढऱ्या देवीची उंच मूर्ती होती, आईनं चपला काढून हात जोडले. बर्फाचे डोंगर शहराच्या अगदी डोक्यावर आलेले, आणि खाली मातकट पाण्याची नदी दोन भिंतींमधून पळत होती. "इतकं पानी आन् एक बी बांधी नाई," आई म्हणाली. बांध घातलेल्या धानाच्या शेताला आम्ही बांधी म्हणतो. मोठ्या चौकात ताडाच्या झाडांखाली म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. एकानं भावाला हाक मारली. भावानं उभ्या-उभ्या दोन चाली सुचवल्या, त्यांच्या भाषेत काही तरी बोलला आणि सगळे हसले. तोही हसला. माझ्या भावाला असं मान मागं टाकून हसताना मी गावात कधी पाहिलं नव्हतं. तो लहानपणापासून चाचरत बोलणारा, पाहुणे आले की माडीवर जाऊन बसणारा. फळवाली त्याला लाडाच्या नावानं हाक मारायची, लिफ्टमधली म्हातारी त्याच्या गालाला गाल लावायची. आई हे सगळं बघत होती. मी बघत होते ते आईचं ताट.

ती जेवत नव्हती. भाऊ रोज भात करायचा, लांब दाण्याचा, पाकिटातला. आई दोन घास घेऊन हात धुवायची. एकदा तिनं बाजारात तांदळाच्या पोत्यात हात घालून विचारलं, "हा यंदाचा होय का?" भावानं चौकशी केली आणि येऊन सांगितलं, "माय, इथी सगळं उलटं आहे. आत्ता कुठी पेरणी झाली. नवं निघाले मार्च-एप्रिल लागते." आईनं हात बाहेर काढला, तळव्याला चिकटलेले दाणे पोत्यात झटकले. "मंग राहू दे," म्हणाली.

त्या दिवशी मला राहवलं नाही. सगळं माझ्यामुळं झालं होतं, भावाचं न येणंही आणि ती पुरचुंडीही. स्वयंपाकघरात मी आईला हळूच सांगितलं, "माय, माह्या पर्समधी रुमालात चार दाने निघाले. सांडले असतीन त्या वक्ती. मी सकाळी याच्या भातात टाकले. खाल्लं त्यानं."

आईनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"खाल्लं?"

"हो. तुह्या शपथ."

"बरं झालं वं," ती म्हणाली.

रात्री ती पोटभर जेवली आणि मला वाटलं, सुटले. खोट्या शपथेचं मला काही वाटलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी बॅगा भरत होते, तेव्हा ती आणि भाऊ दोघंच खाली बागेत जाऊन आले. विमानतळावर तिनं त्याला "कधी येतं?" असं विचारलं नाही. त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, त्या लिफ्टमधल्या म्हातारीसारखा गालाला गालही लावला. मी हसले.

घरी आलो त्याच दिवशी ती म्हणाली, "आज नवं शिजव." नवा तांदूळ चिकट, गिचका होतो, तसाच झाला. तिनं देवापुढं ठेवला, मग ताटात घेतला, नुसता, मीठ टाकून. दुसऱ्यांदा मागून घेतला. मी अंगणात जाऊन भावाला फोन लावला. "माय नवं खाऊन राह्यली रे!" मी ओरडले. तो फक्त म्हणाला, "बरं." मला राग आला. सहा वर्षांनी आई नवं खातेय आणि याला दोन शब्द सुचत नाहीत. त्या हिवाळ्यात मी खूश होते, अगदी मनापासून. पिपा मी धुऊन पालथा घातला.

होळीच्या आठ दिवस आधी आई झोपेतच गेली. या वेळी मी फोनवर एवढंच म्हणाले, "ये." तो तिसऱ्या दिवशी पोचला. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच उरलो. मी घरातल्या नव्या तांदळातून त्याचा मूठभर वाटा काढून शिजवला. ताट पुढं ठेवलं, तर तो हात लावेना.

"बाई, तू मायले सांगितलं होतं का, मी तिथं नवं खाल्लं म्हणून?"

मी मान डोलावली.

"बागेत तिनं मले विचारलं, कसा लागला रे नवा दाना? मी म्हटलं, कोनता दाना? मले का माहीत." तो ताटाकडंच बघत होता. "ती हसली. म्हने, काई नाई, बाईले सांगू नको, तिले बरं वाटलं पाहिजे. मंग म्हने, तू इथी चांगला आहेस, मी पाह्यलं. आता तुही वाट पाहत नाई. घरी गेल्यावर मी बी नवं खाईन."

म्हणजे ज्या दिवशी मी अंगणात आनंदानं ओरडत होते, त्याआधीच आईनं त्याची वाट बघणं सोडलं होतं. दुसऱ्यांदा मागून घेतलेला तो भात तिनं माझ्यासाठी खाल्ला होता. मी समोर बसून वाढत होते आणि मला काहीही कळलं नव्हतं.

"मी म्हनाले होते, येऊन काय करतं," मी कशीबशी बोलले. "त्याच्यानंच नाई आला ना तू?"

भात निवत चालला होता. मग त्यानं ताट पुढं ओढलं, एक घास घेतला आणि चावता-चावता रडायला लागला. मी दुसरं ताट घेतलं आणि त्याच्या शेजारी जेवायला बसले.