लेंकरांस लोखंड

वेस्ट मांबलमला आमच्या गल्लीतल्या टपरीवर रोज सकाळी एक बाई उभ्यानेच इडली खायच्या. केसांत मोगरा, कानाला मोबाइल. इडलीचे आठ सारखे तुकडे केल्याशिवाय पहिला घास नाही. मी पुण्याहून नुकतीच आलेली. चेन्नईत मराठी ऐकून कान टवकारले, तर बाई कुणाला तरी दटावत होत्या, “लेंकरांस लोखंड देऊ नको म्हटलं ना! उपाशी ठेव.”

माझी कॉफी हिंदकळली. न राहवून म्हटलं, “अहो, लहान मुलांना असं...”

हसता हसता त्यांना ठसका लागला. त्यांचं मराठी तंजावरचं, जुनं. आणि लेंकरं म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या, स्तनांच्या कॅन्सरच्या पेशी!

“पेशीत चूल असते,” त्या म्हणाल्या. “ती पेटायास लोखंड लागतं. काढून घेतलं की चूल मंदावते. मग लबाड पेशी नुसत्या साखरेवर तगायास बघते. तिथंच तिला गाठायचं.”

माझ्या आईचं याच कॅन्सरचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. “मग आईच्या लोहाच्या गोळ्या बंद करू?”

“छे! बशी म्हणजे आई नव्हे. डॉक्टरांस विचार.”

मग मी रोज विचारायचे, “लेंकरं कशी आहेत?”

एके सकाळी त्या लांबूनच ओरडल्या, “सगळी मेली!” आणि मैसूरपाकाचा डबा पुढे केला. मी आनंदाने टाळी दिली.

शेजारच्या गृहस्थांचा घास हातातच राहिला. नक्की मराठी असणार.