ब्लँकेटात गुंडाळलेलं कुंड

भर मे महिन्यात कढत पाण्यानं आंघोळ करणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असावा, आणि मी त्याच्याच घरी, हुडकेश्वरला, मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. कूलरसुद्धा गरम हवा फेकत असतो, आणि आमचे घरमालक काका वाफाळत्या बादलीत कोपर बुडवून म्हणतात, "थोडं कमीच हाय." कोपर बुडवल्याशिवाय ते कुठल्याच पाण्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या मते जगातले निम्मे आजार गार पाण्यानं होतात आणि उरलेले कोमट पाण्यानं. माझ्या घरच्यांत कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं विज्ञान आहे हे कळल्यापासून ते प्रत्येक वादात माझी साक्ष काढतात, "इचार कॉलेजवाल्याले!" मला बहुतेक वेळा उत्तर माहीत नसतं.

अशा माणसाला कुणीतरी सांगितलं, की सातपुड्यात गोंड राजांच्या काळच्या एका गावाजवळ जमिनीतून उकळतं पाणी निघतं आणि त्यानं गुडघे मोकळे होतात. काकूंचे गुडघे इतके धरले आहेत, की त्यांना बसची पायरीही चढवत नाही. काकांची झोपच उडाली. "बिना गॅसचं गा! धरती तापवून राहिली!" थंडीतल्या एका रविवारी ते मला घेऊन निघाले. गावाची पडकी वेस बघायला मी जरा थांबलो, तर ओरडले, "दगडं कुठं पळून नाही राहिले. चाल, पाणी थंडं होईन!"

कुंडावर वाफ होती, गंधकाचा वास होता. काकांनी कोपर बुडवलं, किंचाळून बाहेर काढलं आणि चक्क नाचले. "भाजलं गा! खरंच भाजलं!" मग पिशवीतून प्लास्टिकचा कॅन निघाला. तो भरून त्यांनी आधी काकूंच्या जुन्या स्वेटरात आणि वरून ब्लँकेटात गुंडाळला. परतीच्या बसमध्ये त्यांनी सगळ्यांना खिडक्या लावायला लावल्या. शेजारच्या बाईनं मांडीवरच्या गाठोड्याकडे बघून विचारलं, "लेकरू झोपलं का जी?"

"हो, हालवू नका," काका म्हणाले.

दर थोड्या वेळानं ते मला हात आत घालायला लावत. "कसं हाय?" आधी मी आनंदानं "गरम" म्हणालो. सावनेर मागे पडलं, तेव्हा कॅन हाताला गारच लागला. शेवटी म्हटलं, "ब्लँकेट चांगलं आहे, काका." मग अंगावरची शाल काढून त्यांनी कॅनला गुंडाळली आणि घरापर्यंत स्वतः कुडकुडत बसले.

अंगणात काकू खुर्चीवर बसल्या. काकांनी आत जाऊन पाणी घमेल्यात ओतून आणलं. काकूंनी पाय बुडवला आणि झटकन वर घेतला.

"अवो! चटका बसला ना जी!"

"पाह्य, कॉलेजवाल्या!" काका गरजले. त्यांच्या पाठीआडून काकू माझ्याकडे बघत होत्या. मी होकाराची मान हलवली.

काकूंचे गुडघे आहेत तसेच आहेत. काका रोज विचारतात, "फरक हाय ना वं?" आणि त्या फाटकापर्यंत लंगडत जाता जाता "हाय ना" म्हणतात. परवा बादली भरताना काका मला हळूच म्हणाले, "थंडं झालं होतं ना गा? मले मालूम हाय. ओतताना कोपर बुडवलं होतं मी." मी बादली बाजूला सरकवली. ते म्हणाले, "पण तिनं पाय वर घेतला ना, तेव्हा मले वाटलं, पोचलं."